टीनएजर मुलांसह पहिली परदेशवारी : सिंगापूरची सहल स्वतः आखताना

मूल १२ वर्षांचं झालं की विमान कंपनी त्याला मूल मानत नाही, तिकीट पूर्ण प्रौढाचं लागतं. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये आणि गार्डन्स बाय द बे या बागेत १३ पूर्ण झाले की तेच. हॉटेलही त्याच्यासाठी जादा पलंगाचे पैसे मागतं. घरात दोन टीनएजर असतील तर ही ‘दोन मोठे, दोन लहान’ अशी सहल राहत नाही. खर्चाच्या दृष्टीने तुम्ही चौघं मोठी माणसं आहात.

मग आखणीतही तसंच वागा. पूर्ण तिकीट भरलेल्या माणसाला ‘उद्या आठला तयार राहा’ एवढंच सांगून चालत नाही, त्याला काम द्यावं लागतं. खालची सगळी आखणी याच हिशेबाने केली आहे.

सिंगापूरच का?

मुंबईहून थेट विमानाने साधारण साडेपाच तास, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे. इंग्रजी चालतं, नळाचं पाणी पिता येतं, शाकाहारी जेवण मिळतं आणि १५ वर्षांचा मुलगा मेट्रोने एकटा दोन स्टेशनं जाऊन आला तरी आईचा जीव टांगणीला लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. पहिल्याच परदेश प्रवासात मुलांना थोडं मोकळं सोडता येईल अशी शहरं फार नाहीत.

बाजारात सात-आठ दिवसांत सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड उरकणारी पॅकेजेस भरपूर आहेत. पासपोर्टवर शिक्के जास्त पडतात हे खरं, पण निम्मी सहल बॅगा भरण्यात आणि इमिग्रेशनच्या रांगेत जाते. पहिल्या वेळी एकच देश, एकच हॉटेल, पाच-सहा रात्री. सोबत ८० वर्षांची आजी असेल किंवा घरात कुणालाच नकाशा बघण्याची हौस नसेल, तर मराठी टूर मॅनेजर असलेला ग्रुप जरूर निवडा. त्यात कमीपणा काही नाही. पण टीनएजर मुलं ग्रुपच्या बसमध्ये पहिल्या दोन तासांत कानात इअरफोन घालून बसतात, हेही ध्यानात ठेवा.

तारीख ठरवणं : आधी परीक्षा, मग हवामान

सिंगापूर विषुववृत्ताला इतकं लागून आहे की वर्षभर तीच दमट उष्णता, तीच दुपारची सर. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस थोडा जास्त, एवढाच फरक. त्यामुळे तारीख हवामान ठरवत नाही, मुलांचं वेळापत्रक ठरवतं.

दहावीचा मुलगा मार्चमध्ये मोकळा होतो. एप्रिल हा त्याच्यासाठी सोन्यासारखा महिना, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ अजून सुरू झालेली नसते. बारावीची मुलगी मात्र बोर्डाच्या परीक्षेनंतरही मोकळी नसते, कारण जेईई, नीट, एमएचटी-सीईटी पुढे उभ्या असतात. तिच्या वर्षात सहल ठेवूच नका. नववीतून दहावीत जाणाऱ्यांच्या क्लासची व्हेकेशन बॅच कधी सुरू होते ते तिकीट काढण्याआधी विचारा. फी भरलेली असते आणि ‘पहिला धडा बुडाला’ ही कुरकुर विमानात ऐकावी लागते.

सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर सुट्टी असते. तेव्हा तिथल्या थीम पार्कमध्ये तिथलीच गर्दी. मे महिना त्यापेक्षा बरा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर लिटल इंडियातला सेरंगून रोड रोषणाईने उजळलेला दिसेल, दीपावली ही तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. चिनी नववर्षाचे दोन दिवस मात्र टाळा, बरीच दुकानं बंद असतात.

पासपोर्ट : सहा महिने आधी

१५ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो. १५ ते १८ या वयात पूर्ण १० वर्षांचाही मागता येतो, किंवा १८ होईपर्यंतचा. फॉर्म भरताना हा पर्याय नीट बघा. १६ वर्षांच्या मुलीसाठी १० वर्षांचा घेतला तर कॉलेज संपेपर्यंत चिंता नाही. साधी फी लहान मुलासाठी १,००० रुपये, ३६ पानांच्या १० वर्षांच्या पासपोर्टला १,५०० रुपये आणि तत्काळसाठी त्यावर आणखी २,०००. १८ पूर्ण नसलेल्यांसाठी आई-वडिलांच्या संमतीचं परिशिष्ट ‘डी’ जोडावं लागतं.

आधीचा पासपोर्ट असेल तर कपाटातून काढून तारीख बघा. सिंगापूरला प्रवेशाच्या दिवशी किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक हवी. मुलगा दहा वर्षांचा असताना काढलेला पासपोर्ट पंधराव्या वर्षी संपतो, आणि हे अनेक घरांत नेमकं व्हिसाच्या वेळी कळतं.

मराठी नावांचा एक खास गुंता आहे. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ होतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. विमानाचं तिकीट काढताना हे पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा, मधलं नाव गाळू नका, ‘राव’ किंवा ‘बाई’ आपल्या मनाने जोडू नका. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं असेल तरी बिघडत नाही. तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टबरहुकूम हवेत, एवढंच. आणि पासपोर्ट हातात पडल्याशिवाय रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी.

कामाची वाटणी

तारीख पक्की झाली की एका रविवारी सगळ्यांनी एकत्र बसा. चहा-पोहे, एक वही, फोन बाजूला.

प्रत्येकाने आपली एकच हट्टाची गोष्ट सांगायची. फक्त एक. ती सहलीत येणार म्हणजे येणार आणि बाकीचे तिघं नाक न मुरडता सोबत जाणार. मुलाला युनिव्हर्सल स्टुडिओज हवा असेल, मुलीला हाजी लेनमधली छोटी दुकानं, बाबांना मरिना बॅरेजचं धरण, आईला ऑर्किडची बाग. आईने ‘मला काय, तुम्ही म्हणाल तिथे’ असं म्हणायला बंदी. तिने मागितलं नाही तर मुलंही तिच्याकडे बघून आपलं मागणं आखडतात.

मग खाती वाटा. एक मूल वाहतूक खातं सांभाळेल : विमानतळ ते हॉटेल कसं जायचं, कुठल्या रंगाची लाइन, कुठे बदलायची. मेट्रोचा नकाशा समजायला सोपा आहे. लाल नॉर्थ-साउथ, हिरवी ईस्ट-वेस्ट, जांभळी नॉर्थ-ईस्ट, निळी डाउनटाउन, तपकिरी थॉमसन-ईस्ट कोस्ट आणि गोल फिरणारी सर्कल लाइन. दुसरं मूल तिकिटं आणि खाणं बघेल. चुकले तर चुकू द्या, उलट दिशेच्या गाडीत बसलात तर पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि परत यायचं. त्या दहा मिनिटांत बाबांनी तोंड बंद ठेवायचं, हे सगळ्यात अवघड खातं.

पैसा

सध्याच्या हिशेबाला १ सिंगापूर डॉलर म्हणजे ७० रुपयांच्या आसपास धरा आणि निघताना ताजा दर बघा. हॉकर सेंटरमधलं (स्वस्त खाण्याच्या स्टॉलचं आवार) जेवण माणशी साधारण ५ ते ८ डॉलरमध्ये होतं. मेट्रोची एक फेरी एक ते अडीच डॉलर. युनिव्हर्सलचं प्रौढ तिकीट ८० डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे चौघांचा तो एक दिवस बाकीच्या कुठल्याही दिवसापेक्षा महाग पडणार. असा मोठा खर्च दोन किंवा तीन ठिकाणांपुरताच ठेवा. शहरात फुकट बघण्यासारखं खूप आहे.

रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी लागतो. हॉकर सेंटरमध्ये ही भानगड नसते.

फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून ठेवलेलं) घ्या, थोडी रोकड घ्या. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी वापर सुरुवातीपासून बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला ३ ते ३.५ टक्के जादा आकार लागतो, म्हणून ते अडीअडचणीला ठेवा. दुकानातलं मशीन ‘रुपयांत भरायचं की डॉलरमध्ये?’ असं विचारेल तेव्हा नेहमी डॉलर निवडा. रुपये निवडले तर दर दुकानदाराच्या बाजूचं मशीन लावतं आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जाईल. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, पण तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून पावती जपून ठेवा.

मुलांना रोजचे १५-२० डॉलर हातात द्या आणि दुपारचं जेवण व सटरफटर खरेदी त्यातच भागवायला सांगा. पहिल्या दिवशी बबल टीवर निम्मे उडतील. तिसऱ्या दिवशी तीच मुलं सुपरमार्केटमधून बिस्किटं घेतात.

राहणं

लिटल इंडिया, फॅरर पार्क, बुगिस, लॅव्हेंडर या भागांत हॉटेलं परवडतात आणि इडली-डोसा चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो. तीन गोष्टी बुकिंगआधी तपासा. एक, खोलीला खिडकी आहे का? स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. दोन, मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर आहे. तीन, चार प्रौढांची ‘फॅमिली रूम’ आणि शेजारच्या दोन खोल्या यांतल्या दरात खरंच किती फरक आहे. खोल्या लहान असतात. भाऊ-बहीण १३ आणि १६ वर्षांची असतील तर दोन खोल्या, एकीत आई आणि मुलगी, दुसरीत बाबा आणि मुलगा, हे सगळ्यांच्याच झोपेला आणि आंघोळीच्या रांगेला बरं पडतं.

एखाद्या खाजगी फ्लॅटचं स्वस्त भाडं दिसलं तर मोहात पडू नका. सिंगापूरमध्ये खाजगी घरं ३ महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदा आहे.

व्हिसा आणि अरायव्हल कार्ड

भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत व्हिसा एजंटमार्फत काढता येतो. ‘१४ ए’ हा अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो, तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि एजंट सांगेल ती बँकेची कागदपत्रं. मुलांसाठी जन्मदाखला तयार ठेवा. आई-वडिलांपैकी एकच जण सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र न्या. व्हिसा इलेक्ट्रॉनिक येतो. त्याची छापील प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत हवी, सगळ्यांच्या प्रती बाबांच्या एकाच फाइलमध्ये नकोत.

‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा वेगळा फॉर्म आहे, पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचा. तो मोफत आहे. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. हे काम मुलांना द्या, ती आपल्यापेक्षा लवकर भरतात. तुम्ही पासपोर्ट क्रमांक तेवढा ताडून बघा.

प्रवास विमा काढा. आईचा रक्तदाब, मुलाचा दमा, जे असेल ते अर्जात लिहा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी वर येतो.

बॅगेत काय नको

मराठी घराच्या बॅगेत खाऊ असणारच. दशम्या, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, उपम्याचं तयार मिश्रण यांना हरकत नाही, खोलीतल्या किटलीत उपमा होतो. पण खसखस न्यायची नाही. सिंगापूरमध्ये खसखस प्रतिबंधित आहे, अमली पदार्थविरोधी विभागाच्या यादीत. म्हणजे दिवाळीच्या डब्यातले खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घातलेली करंजी घरीच संपवा. खोबऱ्याच्या वाट्या विमान सुरक्षेच्या नियमात बसत नाहीत. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत टाकू नका, चेक-इनच्या बॅगेत नीट बांधून टाका.

च्युइंग गमच्या आयातीवर तिथे १९९२ पासून बंदी आहे. ई-सिगारेट जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. हे मुलांशी आडवळणाने बोलू नका. ‘तुझ्याकडे नाही हे मला माहीत आहे, पण मित्राने काही ठेवायला दिलं असेल तर आत्ताच काढ’ एवढं सरळ सांगा. अमली पदार्थांबाबत त्या देशाचा कायदा फाशीपर्यंत जातो. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध कुणाला लागत असेल तर आधी परवानगी काढावी लागते. बाकी नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, आपला बसत नाही. चार माणसांचे चार फोन असतात, म्हणून अडॅप्टर दोन आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. मुलीसाठी सॅनिटरी पॅड इथूनच भरपूर न्या, उष्णतेत दिवसभर चालणं होतं. आणि पायात मुरलेले बूट. सहलीसाठी नवे बूट घेण्याची आपल्याकडे फार हौस असते. घ्यायचेच असतील तर महिनाभर आधी घ्या आणि रोज घाला.

दिवस कसे मांडायचे

टीनएजर सकाळी उठत नाहीत. हे संस्कारांमुळे नाही, या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. सुदैवाने सिंगापूर रात्रीचं शहर आहे. म्हणून एक दिवस लवकर उठायचं, दुसरा दिवस दहानंतर सुरू करायचा, असं आलटून-पालटून ठेवा. दिवसात एक मोठी गोष्ट आणि एक छोटी. तिसरी घुसडली की भांडण ठरलेलं.

रात्रीच्या विमानाने सकाळी पोहोचलात तर खोली दुपारी दोन-तीनला मिळते. बॅगा हॉटेलात ठेवा, जवळच खा, खोली मिळाली की झोपा. संध्याकाळी गार्डन्स बाय द बेला जा. तिथल्या उंच सुपरट्रींच्या खाली ७.४५ आणि ८.४५ ला प्रकाश-संगीताचा मोफत कार्यक्रम असतो. पावणेआठचा बघून चालत मरिना बे सँड्स हॉटेलच्या समोर आलात की ९ वाजता पाण्यावरचा ‘स्पेक्ट्रा’ हा प्रकाशाचा खेळ, तोही मोफत. पहिल्याच संध्याकाळी एक डॉलरही न खर्चता मुलांचे फोन फोटोंनी भरतात.

युनिव्हर्सलसाठी आठवड्याच्या मधला दिवस निवडा आणि दार उघडण्याआधी पोहोचा. तो सेंटोसा बेटावर आहे. हार्बरफ्रंट स्टेशनहून तिथे चालत जाता येतं, ट्रेनही आहे. आई-बाबांना राइड्स झेपत नसतील तर मुलांना आत त्यांचं फिरू द्या, भेटण्याची जागा आणि वेळ ठरवा.

त्यानंतरचा दिवस उशिरा सुरू करा आणि नाइट सफारीला द्या. १९९४ मध्ये सुरू झालेली ही जगातली पहिली रात्रीची प्राणिसफारी. संध्याकाळी ७.१५ ला उघडते. ती मंडाई भागात आहे, खातीब स्टेशनहून तिथे शटल बस जाते.

इतिहासात रस असलेलं मूल घरात असेल तर एक सकाळ नेताजींसाठी काढा. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा केली ती सिंगापूरच्या कॅथे इमारतीत. तिचा दर्शनी भाग आजही उभा आहे. त्याआधी जुलैमध्ये ‘चलो दिल्ली’ची हाक दिली गेली ती पाडांगच्या मैदानावर. जवळच एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक ब्रिटिशांनी परतताच पाडलं. झाशीच्या राणीच्या नावाची महिला पलटण याच शहरात कवायत करत होती. हे तिथे उभं राहून सांगितलं की पुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा जास्त लक्षात राहतं. मात्र सांगणं पाच मिनिटांत आटपा.

गर्दीचा कंटाळा आला की पुलाऊ उबिन बेट. चांगी पॉइंटहून छोटी होडी निघते, १२ जण जमले की सुटते, भाडं माणशी ४ डॉलर आणि तेही रोख. बेटावर सायकली भाड्याने मिळतात. त्याऐवजी मॅकरिची जलाशयाजवळच्या जंगलातला २५० मीटरचा झुलता पूलही चालेल, सोमवारी तो बंद असतो. बोटॅनिक गार्डन १८५९ चं, २०१५ पासून जागतिक वारसा, प्रवेश मोफत. फक्त आतल्या ऑर्किड बागेला तिकीट आहे. वास्तुरचना किंवा नगररचनेकडे वळू पाहणाऱ्या मुलाला मॅक्सवेल रोडवरची सिटी गॅलरी दाखवा. अख्ख्या शहराची प्रतिकृती आहे आणि पैसे लागत नाहीत.

मोकळं सोडणं

मेट्रो आणि बसमध्ये कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड थेट टेकवून जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. परदेशी कार्डावर दिवसाला ६० सेंट जादा लागतात. मुलांना तिथलं प्रवास कार्ड वेगवेगळं घेऊन द्या. स्वतःचं कार्ड असलेलं मूल स्वतः जाऊ शकतं.

फोनला ई-सिम किंवा रोमिंग पॅक प्रत्येकाचं हवं. एकाच्या हॉटस्पॉटवर चौघं बांधले गेले की मोकळं सोडणं राहिलंच. तिसऱ्या दिवशी दोघांना मिळून दोन तास द्या : बुगिस ते हाजी लेन, नाहीतर ऑर्चर्ड रोड. ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्टेशनच्या ठरलेल्या एक्झिटवर भेट. एक्झिटचं अक्षर किंवा क्रमांक लिहून घ्या, एका स्टेशनला पाच-सहा असतात. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९५, हॉटेलचं नाव आणि भारतीय उच्चायुक्तालयाचा पत्ता, ३१ ग्रेंज रोड, हे कागदावर लिहून खिशात द्या. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहायचं. हॉकर सेंटरमध्ये जेवल्यावर ट्रे उचलून ठेवावा लागतो, आणि टेबलावर टिशू पेपरचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजा. आपल्या एसटीत रुमाल टाकतात तसंच.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा. भाजीच्या पदार्थातही कोळंबीची पेस्ट किंवा माशांचं सॉस असू शकतं, म्हणून नुसतं ‘नो मीट’ म्हणणं पुरत नाही. चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल मिळाला तर बेधडक खा. तिथलं ‘चिकन’ सोयाबीनचं किंवा गव्हाच्या प्रथिनांचं असतं. लिटल इंडियात कोमला विलास आणि आनंद भवन आहेतच, पण रोज तिथेच जेवलात तर मुलांचं खाण्याचं खातं बंद पडेल.

खरेदी आणि परतीचा दिवस

इलेक्ट्रॉनिक्स घेण्याआधी भारतातली किंमत बघा, फरक पूर्वीसारखा राहिलेला नाही. लॅपटॉप शुल्काशिवाय आणण्याची सवलत १८ पूर्ण झालेल्या प्रवाशालाच आहे, तेव्हा तो मुलाच्या वाट्याला मोजू नका. एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून जीएसटी परताव्याची नोंद करून घ्या. परतावा विमानतळावरच्या मशीनवर मिळतो आणि घेतलेली वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी हे उरका.

विमानाच्या चार-पाच तास आधी चांगी विमानतळावर पोहोचा. तिथल्या ज्वेल मॉलमधला ४० मीटर उंचीचा, छताखालचा धबधबा बघण्यासारखा आहे. तो टर्मिनल १ ला जोडलेला आणि इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून आत जाण्याआधीच बघा. उरलेली नाणी तिथेच फूड कोर्टात संपवा, मुंबईत ती कुणी बदलून देत नाही.